गारगोटी आणि तुसाची राख : महासहसंयुज पदार्थांविषयी एक संवाद

ज्या पदार्थात सुटे रेणू नसतात, ज्यातील प्रत्येक अणू शेजारच्या अणूंशी सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीत दोन अणूंनी भागीदारी केल्यामुळे झालेल्या बंधाने, जोडलेला असतो आणि ही जोडणी खड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड चालू राहते, त्या पदार्थाला महासहसंयुज पदार्थ म्हणतात. हिरा, ग्रॅफाइट, सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि सिलिका ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. शालेय पुस्तकांत या साऱ्यांचे गुणधर्म एका ओळीत दिलेले असतात : द्रवणांक फार उंच, कठिणपणा मोठा, पाण्यात अविद्राव्य, आणि ग्रॅफाइट व अर्धवाहक वगळता विजेचे दुर्वाहक. ही ओळ खोटी नाही. परंतु ती पाठ करून थांबले, तर या पदार्थांचा सर्वांत महत्त्वाचा विशेष नजरेआड राहतो, आणि तो समजून घेण्यासाठी हिऱ्याच्या खाणीपर्यंत जाण्याची गरज नसते.

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याला वसलेले असून माहुलीच्या सुळक्यांपासून नाणेघाट आणि माळशेज घाटापर्यंतचा सगळा डोंगर दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचा, बनलेला आहे. या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत नंतरच्या काळात खनिजयुक्त पाणी झिरपले आणि त्यातून गारगोटी, अकीक आणि स्फटिक तयार झाले. त्याच पाषाणाच्या झिजेतून झालेल्या मातीत पावसाळ्यात भात पिकतो, आणि भाताच्या दाण्यावरील तुसातही सिलिका असते. अशा रीतीने एकाच परिसरात सिलिका दोन रूपांत हाती लागते : एक दगडातली, दुसरी पिकातली. दोन्हींत सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन अणू आहेत, आणि तरीही दोन्हींचे वागणे सारखे नाही. पुढील संवादाचा विषय हाच आहे.

या संवादातील एक बाजू रसायनशास्त्राच्या अध्यापिकेची आहे, जिच्या मते रचना कळली की गुणधर्म कळलेच. दुसरी बाजू भातगिरणी चालवणाऱ्या शेतकऱ्याची आहे, ज्याच्या मते पुस्तकातील निर्दोष आकृती आणि हातातील वस्तू यांत अंतर असते आणि उपयोगाचे सगळे त्या अंतरातच घडते. दोन्ही पात्रे व्यक्ती म्हणून योजलेली नसून दोन विचारपद्धतींची प्रतिनिधी म्हणून योजलेली आहेत.

अध्यापिका : आरंभ भाताच्या रोपापासूनच करता येईल, भाऊ. रोप पानांवरील रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि मुळांतून, पाण्यात विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपाने, सिलिका घेते. कार्बन आणि सिलिकॉन ही आवर्तसारणीत एकाच गणातील, एकाखाली एक बसणारी मूलद्रव्ये आहेत. दोघांच्याही बाह्यतम कवचात चार इलेक्ट्रॉन आहेत आणि दोघांच्याही डायऑक्साइडमध्ये एकास दोन हेच प्रमाण आहे. असे असूनही कार्बनचा डायऑक्साइड हवेत मिसळणारा वायू आहे, त्याचा गोठवलेला शुष्क बर्फ उणे ७८.५ अंश सेल्सिअसला परस्पर वायू होतो, आणि सिलिकॉनचा डायऑक्साइड मात्र सुमारे १,७०० अंशांपर्यंत वितळत नाही. कागदावर सूत्र सारखे आणि प्रत्यक्षात एवढी तफावत, याचा उलगडा रचनेशिवाय होत नाही.

गिरणीचालक : तफावत मान्य आहे, बाई, पण दोन्ही मूलद्रव्ये एकाच घरातली असताना एकाने रेणू करून मोकळे व्हावे आणि दुसऱ्याने दगड व्हावे, हे घडते कशामुळे?

अध्यापिका : अणूच्या आकारामुळे. कार्बनचा अणू लहान असल्याने तो ऑक्सिजनच्या पुरेसा जवळ येतो आणि त्याच्याशी भक्कम दुहेरी बंध करू शकतो. एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन एकत्र आले की तिघांच्याही गरजा भागतात आणि रेणू तिथेच पुरा होतो. अशा दोन रेणूंमध्ये उरते ते केवळ क्षीण आकर्षण, जे सुटायला थोडी उष्णता पुरते. सिलिकॉनचा अणू मोठा असल्यामुळे त्याचा ऑक्सिजनशी होणारा दुसरा, बाजूने जुळणारा बंध दुबळा ठरतो. म्हणून तो एकेरी बंधांचा मार्ग धरतो आणि चार दिशांना चार ऑक्सिजन अणू जोडून घेतो. त्यातून चतुष्फलक तयार होतो, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंची अशी आकृती, जिच्या मध्यभागी सिलिकॉन आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन असतात. प्रत्येक कोपऱ्यावरचा ऑक्सिजन शेजारच्या चतुष्फलकाशी सामायिक असल्याने एका सिलिकॉनच्या वाट्याला चार अर्धे, म्हणजे हिशेबाने दोनच ऑक्सिजन येतात. यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, की कार्बन डायऑक्साइडचे सूत्र एका रेणूचे वर्णन करते, तर सिलिकाचे सूत्र फक्त प्रमाण सांगते.

गिरणीचालक : मग डोंगरात सापडणाऱ्या एखाद्या स्वच्छ, सहा पैलूंच्या स्फटिकात रेणू किती, असे कोणी विचारले तर उत्तर काय द्यावे?

अध्यापिका : एक. मोठ्या आवळ्याएवढा स्फटिक साधारण ६० ग्रॅम भरतो आणि तेवढ्या वजनात ६ या अंकावर २३ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येइतके सिलिकॉनचे अणू असतात. ते सगळे, आणि त्यांच्या दुप्पट ऑक्सिजन, एकाच न तुटणाऱ्या जाळ्यात आहेत. स्फटिक निर्दोष असेल तर तो मुठीत मावणारा एकच रेणू म्हणायचा, किंवा त्याच्या बाबतीत रेणू हा शब्दच सोडून द्यायचा. महासहसंयुज या नावातील महा हा शब्द त्या अर्थाने आहे. असा पदार्थ वितळवायचा म्हणजे शेजाऱ्यांमधील क्षीण आकर्षण सैल करणे पुरत नाही, खुद्द सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडावे लागतात, आणि असा एक बंध दुसऱ्याशी जुळलेला, दुसरा तिसऱ्याशी जुळलेला असल्यामुळे द्रवणांक उंच जातो. पाण्याचे रेणूही या जाळ्यात शिरून त्याला सहज सोडवू शकत नाहीत. विजेचे म्हणाल, तर सगळे बाह्य इलेक्ट्रॉन बंधांत गुंतलेले असल्याने प्रवाह वाहून नेण्यासाठी मोकळे कोणी उरत नाहीत.

गिरणीचालक : कठिणपणाची साक्ष गिरणीत रोज मिळते, बाई. शेलरमधले रबरी रोल भात भरडताना इतके झिजतात, की हंगामात ते पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, आणि ती झीज आतल्या तांदळाने होत नाही, वरच्या तुसाने होते. कापणीच्या दिवसांत भाताच्या पात्याची कड हाताला चरे पाडते, तीही त्याच द्रव्याची. पण इथेच शंका उभी राहते. कठिणपणा जर बंधाच्या बळातून येतो, तर पेन्सिलमधले ग्रॅफाइट बोटाला काळे फासते ते का? ते तर हिऱ्याचेच भावंड आहे.

अध्यापिका : ही शंका महत्त्वाची आहे. विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने हिऱ्याची रचना उलगडली, तेव्हा दिसले की त्यात प्रत्येक कार्बन अणू चार दिशांना चार कार्बन अणूंशी जोडलेला आहे आणि दोन अणूंमधील अंतर ०.१५४ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढे, आहे. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तिघांशीच जोडलेला असतो, त्यातून मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी थर तयार होतात, आणि थरातील अंतर ०.१४२ नॅनोमीटर, म्हणजे हिऱ्यापेक्षाही कमी, असते. थराच्या आतला बंध हिऱ्यातल्या बंधाहून बळकट आहे. मात्र एका थरापासून दुसरा थर ०.३३५ नॅनोमीटर दूर असून त्यांच्यात सहसंयुज बंध नाही. चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून ग्रॅफाइट वीज वाहून नेते, आणि थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून ते मऊ लागते. तेव्हा कठिणपणा केवळ बंधाच्या बळावर ठरत नाही. ते बळ किती दिशांना पसरले आहे, यावर ठरतो.

गिरणीचालक : उत्तर नेटके आहे, पण ते पूर्ण आहे का? गिरणीतल्या काही जुन्या मोटारींत कार्बनचे ब्रश असतात आणि ते फिरत्या भागावर घासत असूनही बराच काळ टिकतात. थर सरकतात एवढेच कारण असेल, तर ते कुठेही, कोणत्याही हवेत सारखेच टिकले पाहिजेत.

अध्यापिका : तसे ते टिकत नाहीत, हे मान्य करावे लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने फार उंचीवर उडू लागली, तेव्हा त्यांच्या जनित्रांतले कार्बन ब्रश अल्पावधीत झिजून भुकटी होऊ लागले, आणि तपासात आढळले की उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत बाष्प नसल्यामुळे ग्रॅफाइटचा निसरडेपणाच नाहीसा होतो. थरांच्या कडांवरचे अणू अपुऱ्या बंधांचे असतात. जमिनीलगतच्या हवेतील पाण्याची वाफ त्या कडांना चिकटून त्यांची भूक भागवते, तेव्हाच घर्षण कमी राहते. पुस्तकातील थर सरकण्याचे चित्र चुकीचे नाही, पण ते थराच्या मध्याविषयी बोलते आणि कडेविषयी मौन बाळगते.

गिरणीचालक : नेमका हाच मुद्दा आहे, बाई. मध्याचे चित्र सगळे काढतात. वस्तूचे वागणे कडेवर ठरते. आता हाच न्याय सिलिकाला लावून पाहू. शेतात गारगोट्या पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत आणि त्यांनी आजवर भाताच्या एका रोपालाही पोसलेले नाही. तुसाची राख मात्र राबात, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेत, मिसळली, तर आवण, म्हणजे लावणीची रोपे, खोडाने जाड, ताठ आणि चिवट निघते. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीचे पहिले सूत्रच हे आहे की भाताचे अवशेष भातालाच परत द्यावेत. त्यात रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळण्यास सांगितले आहे. त्या राखेतून रोपाला सिलिका आणि पालाश मिळतो, खोडकिडा आणि करपा यांना तोंड देण्याची ताकद येते. गारगोटीही सिलिका, राखही सिलिका. मग अविद्राव्य हा गुणधर्म कोणाचा?

अध्यापिका : आकडे तुमच्याच बाजूने आहेत. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात स्फटिकी गारगोटी फार तर ६ ते १० मिलिग्रॅम विरघळते, तीही अतिशय संथपणे. अस्फटिकी सिलिका, म्हणजे जिच्या अणूंची मांडणी दूरवर नियमित नसते अशी सिलिका, सुमारे १०० ते १२० मिलिग्रॅमपर्यंत विरघळते. प्रमाण तेच, चतुष्फलक तेच, सिलिकॉन-ऑक्सिजनचे अंतरही जवळजवळ तेच, आणि विद्राव्यतेत दहा-पंधरा पटींचे अंतर. परंतु याचे कारणही रचनेतच आहे, भाऊ, फक्त ती रचना एका चतुष्फलकापुरती पाहून भागत नाही. गारगोटीत चतुष्फलक मळसूत्रासारख्या वळणांनी, ठरलेल्या अंतराने आणि ठरलेल्या कोनात पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे घडण दाट होते आणि मोकळी टोके फक्त खड्याच्या पृष्ठभागावर उरतात. तुसातली सिलिका मुळांनी शोषलेल्या सिलिसिक आम्लातून, पाणी उडून जाता जाता, पेशीभित्तीच्या आसपास साचलेली असते. तिथे चतुष्फलकांना रांगेत लागायला वाव मिळालेला नसतो. जाळे विरळ राहते, त्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि अनेक ठिकाणी ऑक्सिजनचा पूल पुरा होण्याऐवजी हायड्रोजन बसून टोक उघडेच राहते. पाणी आत शिरते ते या उघड्या टोकांपाशी.

गिरणीचालक : मग बेसाल्टचे काय? तो तर खडक आहे, आणि भाताला सिलिसिक आम्ल मिळते ते शेवटी त्याच्याच झिजेतून. काळू, शाई आणि भातसा या नद्यांची वाळू काळसर दिसते, तीही त्याचीच. डोंगर विरघळतो आणि डोंगराच्या पोटातली गारगोटी जशीच्या तशी राहते, हे उलटे वाटते.

अध्यापिका : बेसाल्टमध्ये वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असली तरी तो महासहसंयुज पदार्थांच्या काठावरचा आहे. त्यातील पायरोक्सीन या खनिजात चतुष्फलकांच्या साखळ्या असतात आणि त्या साखळ्यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, करतात. फेल्डस्पारमध्ये जाळे तिन्ही दिशांना पसरलेले आहे, पण त्यातल्या काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आलेले असते आणि त्याची भरपाई पुन्हा आयनांनी केलेली असते. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी प्रथम या आयनांना बाहेर काढते, आधार सुटला की साखळी उघडी पडते, आणि सिलिसिक आम्ल मातीत उतरते. तानसा तलाव १८९२ मध्ये बांधून पुरा झाला, तेव्हापासून शहापूरचे पाणी मुंबईच्या नळाला जाते, आणि या डोंगराची थोडी सिलिकाही त्याबरोबर विरघळलेल्या रूपात जात राहते. गारगोटीत असा आयनांचा कच्चा दुवा नाही. म्हणून डोंगर झिजतो आणि ती उरते.

गिरणीचालक : म्हणजे जोडणी कशी आहे इतकेच विचारायचे नाही, जोडणीत कच्चा दुवा कुठे आहे तेही विचारायचे. पण बाई, राखेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी रचनेच्या आकृतीत दिसत नाही. शंभर किलो भात भरडला की साधारण वीस किलो तूस निघते. ते जाळले की चार किलो राख उरते आणि तिच्यात बहुतांशी सिलिकाच असते. हे तूस वीटभट्टीवाले नेतात, कोणी बॉयलरमध्ये जाळतात, कोणी ढीग लावून धुमसत ठेवतात. एकाच ढिगाचे तूस तीन ठिकाणी जळाले तर तीन प्रकारची राख मिळते. ढिगात धुमसलेली राख काळी निघते आणि राबाला मानवते. भट्टीत कडक जळून पांढरी, करड्या झाकेची झालेली राख तितकी लागू पडत नाही. तूस एक, सिलिका एक, मग फरक कोठून आला?

अध्यापिका : तापमानातून, आणि त्या तापमानात राख किती वेळ राहिली त्यातून. सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या खाली तूस जळाले, तर सिलिका अस्फटिकी राहते. काळा रंग असतो तो न जळलेल्या कार्बनचा. त्याहून वर, विशेषतः बराच वेळ, ती तापली तर सैल पडलेले चतुष्फलक हलू लागतात, उघडी टोके एकमेकांशी जुळतात, मधले पाणी निघून जाते आणि सगळे जाळे क्रिस्टोबलाइट नावाच्या स्फटिकी सिलिकेत रांगेला लागते. राखेतील पालाशामुळे हे स्फटिकीभवन आणखी सोपे होते. वीटभट्टीतील उष्णता याहून पुष्कळ जास्त असते. ते पाणी सोडले तर या रूपांतरात ना काही मिळाले, ना काही वजा झाले. फक्त अणूंची रांग लागली आणि राखेचा स्वभाव बदलला. अस्फटिकी राख चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखी घट्ट होते, म्हणून ती काँक्रीटमध्ये घालता येते. स्फटिकी झालेली राख त्या कामी फारशी उपयोगी पडत नाही.

गिरणीचालक : आणि माणसाच्या छातीत गेली तर?

अध्यापिका : तिथे हा फरक जीवनमरणाचा होतो. स्फटिकी सिलिकेची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर गेली, तर फुप्फुसात गाठी आणि व्रण होऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. शिवाय कामाच्या ठिकाणी श्वासावाटे जाणाऱ्या गारगोटीच्या किंवा क्रिस्टोबलाइटच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. अस्फटिकी सिलिका त्या गटात नाही. सूत्र पाहून हा भेद कोणालाही कळणार नाही.

गिरणीचालक : वीटभट्टीवर या दोन तालुक्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबे लहान मुलांसह दिवाळीनंतर पावसापर्यंत मुक्कामाला असतात. भट्टी उकलताना उडणारी पांढरी राख त्यांच्याच नाकातोंडात जाते. रचनेचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजे, ते एवढ्या सोप्या शब्दांत, की पांढऱ्या राखेवर आधी पाणी मारावे, तोंडावर कापड बांधून भागत नाही, आणि मुलांना त्या वाऱ्याच्या दिशेला बसू देऊ नये.

अध्यापिका : त्यात दुमत असण्याचे कारण नाही. पण हे ज्ञान रचनेच्या आकृतीतूनच आले आहे, हेही नोंदवले पाहिजे. क्ष-किरणांनी स्फटिकी आणि अस्फटिकी यांतला भेद दाखवला नसता, तर पांढरी राख आणि काळी राख यांत केवळ रंगाचा फरक मानला गेला असता.

गिरणीचालक : मान्य, परंतु निर्दोष आकृतीविषयीचा आक्षेप अजून शिल्लक आहे. हिऱ्यासारख्या निर्दोष जाळ्याचे बळ हिशेबाने काढले तर ते प्रचंड येते, आणि तरी काचेच्या तुकड्यावर एक चरा ओढून दाबले की ती तडकन दोन होते. गारगोटीवर हातोडी पडली की तिच्याही कपच्या उडतात. मग बळाचा हिशेब गेला कुठे?

अध्यापिका : त्याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या तंतूंवरील कामातून दिले. वस्तूच्या पृष्ठभागावर आधीच असलेल्या बारीक तड्यांच्या टोकाशी ताण एकवटतो, तिथला एकेक बंध तुटत तडा पुढे सरकतो, आणि बाकीच्या कोट्यवधी बंधांना आपले बळ दाखवण्याची संधीच मिळत नाही. लोखंड किंवा तांबे अशा वेळी वाकून ताण वाटून घेते, कारण धातूत अणूंचे थर बंध न तोडता सरकू शकतात. सहसंयुज बंध दिशाबद्ध असल्याने इथे सरकणे म्हणजे तुटणे. याच कारणाने हे पदार्थ कठीण आहेत आणि याच कारणाने ठिसूळ आहेत.

गिरणीचालक : चकमकीतही हेच दिसते. गारेवर पोलाद आपटले की ठिणगी पडते, आणि लोकांना वाटते की आग गारेतून निघाली. प्रत्यक्षात गार पोलादाहून कठीण असल्यामुळे पोलादाची कपची उडते आणि ती तापून हवेत जळते. गार स्वतः जळत नाही. मात्र अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आतून फिकट उजेड दिसतो, तो मुलांनी नेहमी पाहिलेला असतो. तो उजेड पोलादाचा नक्कीच नाही.

अध्यापिका : तो तुटणाऱ्या जाळ्याचा उजेड आहे. घर्षणाने स्फटिकात तडे जातात, तडा गेलेल्या बाजूंवर विरुद्ध विद्युतभार साचतो आणि तो विसर्जित होताना प्रकाश दिसतो. गारगोटीच्या मळसूत्री रचनेत डावे-उजवे असे भेद असल्याने तिला दाबले तरी विद्युतभार निर्माण होतो. घड्याळातला गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तो याच गुणाचा उपयोग करून घेऊन. आणि दोषांविषयीच्या तुमच्या आक्षेपाला सर्वांत मोठा आधार सिलिकॉनचा आहे. सिलिकॉनची रचना हिऱ्यासारखीच असते. अतिशुद्ध सिलिकॉन वीज जेमतेम वाहून नेतो. त्यात काही कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एखादा अणू बसवला, तर जास्तीचा एक इलेक्ट्रॉन मोकळा मिळतो आणि वाहकता हजारो पटींनी वाढते. पाड्यापाड्यांवरचे सौरदिवे ज्या पट्ट्यांवर चालतात, त्या पट्ट्या म्हणजे मोजून-मापून दोष पेरलेले महासहसंयुज जाळेच होय.

गिरणीचालक : मग दोषालाही गुण म्हटले पाहिजे.

अध्यापिका : म्हटले पाहिजे, पण एका अटीवर. दोष हा शब्द वापरण्यापूर्वी नियम ठाऊक असावा लागतो. कोट्यवधी सिलिकॉन अणूंची जागा आधी माहीत असते, म्हणून परका फॉस्फरस ओळखू येतो; गारगोटीतली रांग ठाऊक असते, म्हणून राखेतली बेशिस्त मोजता येते. निर्दोष आकृती ही वस्तूची प्रतिमा नाही, ती मोजपट्टी आहे.

गिरणीचालक : मोजपट्टी म्हणून ती मान्य करायला हरकत नाही. पण मग शाळेतला धडा हिऱ्यापासून कशाला सुरू व्हावा? शहापूर-मुरबाडच्या मुलांनी हिरा पाहिलेला नसतो; त्यांच्या घरी तूस असते, वाटेवर गारगोटी असते आणि भातगिरणीत तांदूळ पांढरा करणाऱ्या दगडावर सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेले असतात. हे सिलिकॉन कार्बाइडही एक महासहसंयुज पदार्थ आहे आणि कठिणपणात हिऱ्याच्या जवळपास जाते.

अध्यापिका : त्यात आणखी एक नाते आहे. तुसात सिलिका आणि कार्बन हे दोन्ही एकमेकांत सूक्ष्मपणे मिसळलेले असतात. हवा बंद ठेवून तूस फार उंच तापमानाला तापवले, तर त्यातूनच सिलिकॉन कार्बाइड तयार करता येते, हे १९७० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले गेले आहे. ज्या दगडाने भाताचा कोंडा काढला जातो, त्या दगडाचे द्रव्य भाताच्याच तुसातून मिळू शकते.

गिरणीचालक : तर मग वर्गात एक प्रयोग असा व्हावा, की एका भांड्यात गारगोटीची पूड आणि दुसऱ्यात तुसाची राख, सारख्या वजनाची, घेऊन त्यांच्यातला भेद मुलांना डोळ्यांनी दिसेल.

अध्यापिका : तो प्रयोग शक्य आहे, मात्र शिक्षकानेच हातमोजे आणि चष्मा घालून करावा असा. दोन्ही नमुने दहा टक्के दाहक सोड्याच्या द्रावणात तासभर उकळले, तर राखेतील बहुतेक सिलिका विरघळून सोडियम सिलिकेट, म्हणजे जलकाच, तयार होते. गारगोटीची पूड तळाशी जवळजवळ होती तेवढीच राहते. राखेचे द्रावण गाळून, थंड करून त्यात सावकाश आम्ल घातले, की पांढरट, थरथरते सिलिका जेल खाली बसू लागते. उकळताना जे पूल तुटले होते, ते आता पुन्हा जुळू लागलेले असतात, पण घाईने, रांग न लावता. गारगोटीला जी रांग लागली आहे, ती डोंगराच्या पोटात फार सावकाश लागलेली आहे.

या टप्प्यावर दोन्ही बाजूंमधला वाद संपत नाही, पण त्याचे स्वरूप बदलते. अध्यापिकेच्या बाजूने आरंभी मांडलेले विधान, की रचना कळली की गुणधर्म कळले, टिकून राहते. फक्त रचना या शब्दाचा अर्थ वाढतो. एका अणूला किती शेजारी आहेत आणि कोणत्या अंतरावर आहेत, ही तिची पहिली पायरी. ते शेजारी दूरवर रांगेत आहेत की विस्कळीत, ही दुसरी. आणि जाळे कोठे थांबते, कोठे तुटते, कोठे परक्याला जागा देते, ही तिसरी. शेतकऱ्याच्या बाजूचा आक्षेप पहिल्या पायरीवर थांबणाऱ्या शिक्षणावर होता, आणि तो योग्यच होता. रेणूमय पदार्थांत रेणू ओळखला की बरेचसे काम होते, कारण एक रेणू दुसऱ्यासारखाच असतो. पाण्याचा रेणू तानसातला असो वा ढगातला, त्यात फरक नसतो. महासहसंयुज पदार्थाला असा ठरलेला शेवट नसल्यामुळे तो कसा वाढला, किती तापला आणि किती वेळ तापला, याची नोंद त्याच्या जाळ्यातच राहते. त्याचे सूत्र ही केवळ मोजदाद आहे. त्याची ओळख त्याच्या घडणीच्या इतिहासात आहे.

म्हणूनच तुसाच्या ढिगाकडे पाहण्याची रीतही शास्त्राचाच भाग ठरते. ढीग भडकू न देता, वारा अडवून, धुमसत ठेवला तर आत उष्णता मर्यादित राहते, चतुष्फलकांना रांगेत लागायला सवड मिळत नाही आणि राख काळी उतरते. बोटांत चोळली की ती भुसभुशीत लागते. मृगाच्या आधी ती राबाच्या मातीत मिसळली जाते, पहिल्या पावसाचे पाणी तिच्या उघड्या टोकांपाशी पोचते, सिलिसिक आम्ल सुटते, कोवळी मुळे ते शोषून घेतात, आणि लावणीच्या वेळी आवण उपटणाऱ्या बाईच्या हाताला पात्याची कड जराशी खरखरीत लागते.